आधी वहीत लिहा

आमच्या शाळेत मोठा टचस्क्रीन बोर्ड आला तो माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून. नारळ फुटला, फोटो निघाले, खोलीच्या दारावर 'डिजिटल वर्ग' अशी पाटी लागली आणि पुढचे काही महिने ती खोली शाळेतली सगळ्यात शांत खोली ठरली. मुख्याध्यापकांना त्याचं भारी कौतुक. आल्यागेल्याला ते व्हरांड्यातल्या खिडकीपाशी नेऊन दाखवायचे, एवढी पोरं आहेत आत, पण टाचणी पडली तरी ऐकू येईल.

मला ती शांतता पहिल्यापासून खटकायची. मी माध्यमिकला गणित आणि विज्ञान शिकवते, बुलढाणा जिल्ह्यात. नववी-दहावीच्या वर्गात शांतता दोन तऱ्हेची असते. एक गणित अडल्यावरची. तिच्यात पेनं चालतात, थांबतात, कुणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं, कुणी खोडरबर मागतं. दुसरी थिएटरातली. बोर्डावर हृदयाच्या झडपा उघडमीट करत होत्या, ग्रह फिरत होते, वर्ग बघत होता, आणि शेवटी "कळलं का?" म्हटलं की एका सुरात "हो मॅडम!" दुसऱ्या दिवशी त्यातलंच काही जरा फिरवून विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघणार.

पोरं खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच कळल्यासारखं वाटलेलं असायचं. डेरेक म्युलर नावाच्या एका संशोधकानं सिडनी विद्यापीठात पीएचडीसाठी नेमकं हेच तपासलं होतं. पुढे तो यूट्यूबवर विज्ञानाचे व्हिडिओ करून जगभर नावाजला. त्यानं विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्रावरचे दोन प्रकारचे व्हिडिओ दाखवले. एकात विषय सरळ, नीटनेटका समजावून दिलेला. दुसऱ्यात आधी लोकांच्या डोक्यातल्या चुकीच्या समजुती बोलून दाखवलेल्या आणि मग त्या खोडून काढलेल्या. पहिला व्हिडिओ पाहिलेले म्हणाले, छान होता, सोपा होता. चाचणीत त्यांची प्रगती जवळपास नाहीच. दुसरा पाहणारे म्हणाले, गोंधळायला झालं. शिकले मात्र तेच जास्त.

त्याच्या थोडं आधी, २००४ मध्ये, हार्वर्डच्या एरिक मझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गात दाखवल्या जाणाऱ्या प्रयोगांबद्दल एक लेख लिहिला होता. प्रयोग नुसता पाहिलेले विद्यार्थी आणि प्रयोग न पाहिलेले विद्यार्थी यांच्या समजेत फारसा फरक नव्हता. फरक पडला तो, काय होईल याचा अंदाज प्रयोगाआधी सांगायला लावलेल्यांत. त्यासाठी जादा लागली ती दोन-तीन मिनिटं.

ही माहिती वाचल्यावर आमच्या वर्गात एक नियम आला. बोर्डावर काहीही हलण्याआधी, कुठलंही बटण दाबण्याआधी, वहीत अंदाज लिहायचा. पेनानं. खोडायचा नाही. खाली एका ओळीत 'कारण' लिहायचं. तोंडी अंदाजाला किंमत नाही, कारण उत्तर दिसल्याबरोबर सगळा वर्ग म्हणतो, "मला तेच वाटलं होतं." शाईनं लिहिलेलं मागे घेता येत नाही.

नववीला धाराविद्युत शिकवताना हा नियम किती पुरून उरतो ते बघा. एक सेल, दोन सारखे दिवे, एकसर जोडणी. कुठला दिवा जास्त उजळेल? अर्ध्याहून जास्त वर्ग लिहितो, पहिला. कारण? "पहिला दिवा वीज वापरतो, उरलेली दुसऱ्याला जाते." या उत्तरामागे घरचा अनुभव आहे, पाटाच्या पाण्याचा. वरचा शेतकरी भिजवून घेतो, शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोचता पोचत नाही. एवढं तर्कशुद्ध उत्तर नुसतं 'चूक' म्हणून पुसता येत नाही. पुसलं तरी ते डोक्यातून जात नाही.

मग आम्ही फेट उघडतो. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेला हा आभासी प्रयोगांचा संच आहे. सुरू करणारे कार्ल वीमन म्हणजे २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. संच फुकट आहे, त्यातले कितीतरी प्रयोग मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की नेट नसलं तरी चालतात. आमच्याकडे ही शेवटची गोष्ट पहिल्या दोन्हींपेक्षा महत्त्वाची. मंडल जोडलं, कळ दाबली, आणि दोन्ही दिवे सारखेच उजळले. वर्गात एकच गलका.

खरा तास इथून पुढे. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, कंपनीनं दोन्ही दिवे सारखेच काढले असतील. पडद्यावर काय, जसं काढलं तसं दिसणार." काही जण हसले. मला मात्र त्या वर्षात कुणी काढलेली सगळ्यात मोलाची शंका तीच वाटली. पडद्यावरचा दिवा विजेनं पेटत नाही, कुणीतरी लिहिलेल्या नियमानं पेटतो, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. म्हटलं, मग उद्या सामान आणा.

दुसऱ्या दिवशी पेन्सिल सेल आले, टॉर्चचे बल्ब आले, वायरचे तुकडे, चिकटपट्टी. जोडणी केली, आणि एक बल्ब चक्क मंद! मागचा बाक जिंकल्याच्या थाटात टेबलं वाजवायला लागला. तेवढ्यात पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, "बल्बांची अदलाबदल करून बघा ना." मी लगेच करू दिली नाही. आधी वहीत लिहा. जागेमुळे फरक पडत असेल तर काय दिसेल? बल्बामुळे पडत असेल तर काय दिसेल? दोन अंदाज, दोन कारणं. मग अदलाबदल केली. मंद बल्ब नव्या जागीही मंदच राहिला. बल्ब दोन वेगळ्या दुकानांतून आले होते आणि दोन्हींचा रोध वेगळा होता. 'पहिला-दुसरा' हा मामलाच नव्हता.

या सगळ्यात पडद्याचं काम एवढंच, की वाद लवकर पेटला. बल्ब जोडून प्रयोगशाळेत हेच करता आलं असतं, पण तिथे सैल वायर, उतरलेला सेल, गेलेला बल्ब यांच्या भानगडीत मूळ प्रश्न हरवतो. पडद्यावर प्रश्न स्वच्छ दिसतो. आणि तो फाजील स्वच्छ आहे हे पोरांच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेची खरी गरज वाटायला लागते. दोन्हींमध्ये ये-जा हवी. नुसत्या बोर्डावर शिकलेला विद्यार्थी मला नुसत्या पुस्तकावर शिकलेल्यापेक्षा फार वेगळा दिसलेला नाही.

गणितात मात्र पडदा जे करतो ते खडूला जमत नाही. चौकोनाच्या चार बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले तर समांतरभुज चौकोन मिळतो. नववीच्या पोरांना हे पाठ असतं, कारण फळ्यावर मी जी आकृती काढते ती मुळातच सुबक असते. जिओजेब्रात तीच आकृती काढून शिरोबिंदू बोटानं ओढता येतो. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना हे सॉफ्टवेअर बनवायला घेतलं. आज ते जुन्यात जुन्या संगणकावरही बिनतक्रार चालतं, निदान आमच्याकडे तरी. मी एकच सांगते: मधला समांतरभुज चौकोन मोडून दाखवा.

'मोडून दाखवा' म्हटलं की पोरांच्या अंगात येतं. ओढत ओढत कुणी चौकोन आत वळवतं, बाणाच्या टोकासारखा. मधला तरीही समांतरभुज. कुणी एक बिंदू बोर्डाच्या पार कोपऱ्यात नेतं. तरीही समांतरभुज. मग कुणाला तरी सुचतं की एक बिंदू समोरच्या बाजूपलीकडे ओढावा. बाजू एकमेकींना छेदतात, चौकोनाचा पतंगाच्या शेपटीतल्या गाठीसारखा आकार होतो. हा चौकोन आहे की नाही यावरच पाच मिनिटं जातात. पुस्तकाच्या व्याख्येत तो बसत नाही, पण मधली आकृती हट्टानं समांतरभुजच राहते. असंच ओढता ओढता एकदा एक मुलगी ओरडली, "मॅडम, हा तं मोडला!" मधला समांतरभुज चौकोन चपटा होत होत एका रेषेवर आला होता. चारही मध्यबिंदू ओळीत.

मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहणं हे शिक्षकाच्या कामातलं सगळ्यात अवघड काम, विशेषतः तास संपायला दहा मिनिटं उरलेली असताना. का मोडला? पोरं बिंदू मागेपुढे करत राहिली. कुणी म्हणालं कोन मोजा, कुणी म्हणालं बाजू मोजा. शेवटी एकानं कर्ण काढले, आणि मग सगळ्यांना एकदम दिसलं: आकृती चपटी होते त्या क्षणी दोन्ही कर्ण समांतर असतात. साध्या चौकोनात हे होऊच शकत नाही, कारण तिथे कर्णांच्या रेषा एकमेकींना छेदतातच. कर्ण काढल्याबरोबर मूळ सिद्धताही हातात आली. एका कर्णानं दोन त्रिकोण होतात, दोन्हींना मध्यबिंदूंचं प्रमेय लावलं की समोरासमोरच्या दोन्ही बाजू कर्णाला समांतर आणि कर्णाच्या निम्म्या. सिद्धतेत कर्ण का काढायचा, याचं उत्तर गाईडात नसतं. तिथे थेट 'रचना : कर्ण काढला' असं असतं, जणू आकाशवाणी झाली.

जिओजेब्रा 'असं होतं' एवढंच दाखवतं, 'का होतं' ते सांगत नाही. म्हणून मला ते व्हिडिओपेक्षा जवळचं. सगळं समजावून सांगणाऱ्या माध्यमात विद्यार्थ्याला करायला काम उरत नाही. लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा १९६७ मध्ये बनवणाऱ्यांपैकी एक, सीमोर पॅपर्ट, आयुष्यभर हेच सांगत राहिले की शाळेत संगणक मुलाला चालवतो, खरं तर मुलानं संगणकाला चालवायला हवं. आमच्या बोर्डावर मात्र अजूनही बहुतेक तासांना 'प्ले' हेच एक बटण दाबलं जातं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचंही तेच. कोड स्कॅन केला, 'दीक्षा' या सरकारी अभ्यास-अॅपवरचा व्हिडिओ लागला, संपला, पुढचा धडा. त्यात त्या व्हिडिओचा दोष नाही. मध्येच थांबवून 'आता पुढे काय होईल?' असं विचारणारं माणूस वर्गात लागतं.

आता थोडं विज्ञान-गणिताबाहेर. २०२० च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. आमच्या भागातली ही गोष्ट. पोरांनी सरोवर पाहिलेलं, काहींचे नातेवाईक तिथलेच. फोनवर तेव्हा काय काय फिरलं ते मी जपून ठेवलंय: कुणी रसायन टाकलं, देवीचा कोप, फोटोच बनावट. दरवर्षी हे फॉरवर्ड मी नववीपुढे ठेवते आणि विचारते, यातलं कुठलं खरं असेल हे ठरवायला तुम्हाला काय काय लागेल? उत्तर नको, काय लागेल त्याची यादी हवी. याद्या बघण्यासारख्या असतात. पाण्याचा नमुना. आधीचा फोटो. तोच फोटो दुसऱ्या कुणी काढलाय का. त्या वर्षीचा पाऊस. मग उपग्रहाची चित्रं काढतो. मे अखेरचं हिरवट सरोवर आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यातलं गुलाबी, शेजारी शेजारी. 'फोटोच बनावट' तिथे बाद. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटून खारटपणा वाढला की ते फोफावतात आणि त्यांचं रंगद्रव्य गुलाबी असतं. नमुना तसाच ठेवल्यावर गुलाबी थर तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. हे सांगायच्या आधी मी परत वह्या उघडायला लावते: पाण्यात विरघळलेला रंग असता तर भांडं ठेवून दिल्यावर काय दिसलं असतं? नीळ टाकलेली बादली प्रत्येकाच्या घरी असते. उत्तर घरूनच येतं.

फॉरवर्ड तपासायची रीत मी शिकवते ती स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या अभ्यासातून उचललेली. त्यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक यांना तीच संकेतस्थळं तपासायला दिली. शिकलेसवरलेले लोक पान वरून खाली नीट वाचत बसले. देखणा लोगो, भारदस्त नाव पाहून फसलेही. व्यावसायिकांनी मात्र पान जेमतेम पाहिलं आणि लगेच बाहेर पडून दुसरीकडे शोधलं, हे लोक कोण आहेत, यांच्याबद्दल इतर काय म्हणतात. शाळेत आपण 'नीट वाचा, लक्ष देऊन वाचा' हेच शिकवतो. इथे नीट वाचण्याआधी वाचायच्या लायकीचं आहे का ते बघावं लागतं. दहावीच्या पोरांना हे पटायला वेळ लागत नाही, शिक्षकांना लागतो.

हा तास कुणाला अवांतर वाटला तर मी राईनपाड्याचं नाव घेते. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून मंगळवेढ्याकडच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. वर्गात यावर मी भाषण देत नाही. तो मेसेज तुमच्या घरच्या ग्रुपवर आजोबांनी टाकला असता तर तुम्ही नेमकं काय लिहिलं असतं, एवढंच लिहायला लावते. 'आजोबा, हे खोटं आहे' असं एकानंही कधी लिहिलेलं नाही. आजोबांना असं कोण लिहिणार? 'आबा, हे कोणी पाठवलं? कुठल्या गावचं आहे?' असं लिहितात. प्रश्न विचारून मान राखता येतो आणि मेसेजही थांबतो, हे त्यांनीच शोधून काढलं.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी मला नेहमी विचारतात, "हे सगळं ठीक, पण पोर्शन कधी संपवता?" रास्त प्रश्न आहे. संपत नाही. दिव्यांना दोन तास जातात, चौकोनाला तीन. डिसेंबरात मी जादा तास घेते आणि काही धडे सरळ सपाट्यानं उरकते. बोर्डाच्या परीक्षेत 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न असतो, आणि गंमत अशी की ती कारणंही गाईडातून पाठ करता येतात. कारण पाठ करणं ही आपल्या शिक्षणपद्धतीची खास कामगिरी म्हणायला हवी. सहकाऱ्यांशी माझा वाद त्यामुळे मिटलेला नाही. मार्कांत माझा वर्ग त्यांच्या वर्गाच्या फार पुढे नाही, मागेही नाही.

आणि आता चॅटबॉट आले. शिकवणीला जाणाऱ्या पोरांच्या फोनमध्ये आधी, मग सगळ्यांच्याच. गृहपाठाचं मराठी एकाएकी फार शुद्ध झालं की ओळखावं. मी बंदी घातली नाही. घातली तरी पाळली जाणार नव्हती. नियम तोच ठेवला. आधी आपलं उत्तर वहीत, मग यंत्राला विचारा, आणि दोन्हींत फरक कुठे आहे ते लाल पेनानं दाखवा.

'हा तं मोडला' म्हणणारी ती मुलगी आता दहावीत आहे. परवा तिनं वर्गातच फोनवर तोच प्रश्न टाकला: कोणत्याही चौकोनाचे मध्यबिंदू जोडल्यास समांतरभुज चौकोन मिळतो का? उत्तर आलं, होय, नेहमीच, आणि सोबत देखणी सिद्धता. तिनं लिहिलं, बाजू एकमेकींना छेदत असतील आणि कर्ण समांतर असतील तर? यंत्र लगेच म्हणालं, आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे. हिच्या चेहऱ्यावर शंका. तिनं मुद्दाम खोटंच लिहिलं: बाणासारख्या आत वळलेल्या चौकोनातही असंच होतं ना? यंत्र पुन्हा म्हणालं, अगदी बरोबर. "मॅडम, हे तं कशालाही हो म्हणतंय!"

आता वर्गात पैज लागली आहे, यंत्राकडून सगळ्यात मोठं खोटं कोण कबूल करून घेतं याची. मी एकच अट घातली. ज्याला पैजेत उतरायचं त्यानं ते विधान खोटं का, हे आधी फळ्यावर सिद्ध करून दाखवायचं, फोन दप्तरात ठेवून. अट ऐकून निम्मी नावं गळाली. उरलेल्यांची यादी फळ्याच्या कोपऱ्यात आहे, वर हिचं नाव, खाली पेन्सिल सेल घेऊन येणाऱ्या त्या मागच्या बाकाचं. सोमवारी दुसऱ्या तासाला त्यांची पाळी. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो तास बघायला येऊ का म्हणून विचारलंय. वही घेऊन या, म्हटलं.